आठवा रकाना

अकोल्यात कौलखेडला श्री. किसनराव तेलगोटे यांच्या घरी जो कोणी वंशावळीसंबंधी काही विचारावयास जातो, त्याला आधी पाणी मिळते, मग चहा मिळतो, आणि त्यानंतर निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही त्याच्यापुढे ठेवली जाते. आपले नाव, गाव, आपण कोणती माहिती घेतली आणि तिच्या बदल्यात कोणती दिली, हे त्या वहीत स्वहस्ते लिहावे लागते. देण्यासारखे काही नसेल, तर आपल्या पणजीचे माहेर लिहिले तरी चालते. तेही ठाऊक नसेल, तर ‘ठाऊक नाही’ असे लिहून खाली सही करावी लागते. अशा सह्या त्या वहीत पुष्कळ आहेत. त्यांत दोन प्राध्यापकांच्या आहेत, आणि दिनांक ९ फेब्रुवारी २०१४ ची एक माझी आहे.

अमरावतीच्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केल्यानंतर मी निवृत्त झालो, आणि पुढे आम्ही आठनऊ समानधर्मी मंडळींनी वंशेतिहासाच्या अभ्यासासाठी एक लहानसे मंडळ स्थापन केले. जुन्या घराण्यांचे छापील कुलवृत्तांत, शाळांची दाखल-खारीज पुस्तके, तहसिलीतल्या नकला असे जे मिळेल ते जमवावे, पडताळावे आणि एकमेकांना द्यावे, एवढाच मंडळाचा उद्देश होता. तेल्हारा तालुक्यातील घराण्यांविषयी काही सापडेना, तेव्हा कोणीतरी किसनरावांचे नाव सुचवले. मूर्तिजापूरमार्गे जाणाऱ्या एस.टी.ने मी अकोल्यास पोचलो, पाणी प्यालो, चहा घेतला, आणि वही पाहून मनापासून प्रसन्न झालो. इतकी नेटकी वही मी महाविद्यालयातही पाहिली नव्हती.

"तुमच्या पणजीचं माहेर कोनतं जी?" किसनरावांनी विचारले.

मी बराच वेळ आठवून पाहिले.

"मंग लिवा, ठाऊक नाई," ते म्हणाले. "लाजू नका. मांगच्या आठवड्यात एक पीएचडीवाले आल्ते. त्याईनं आजीच्या माहेरालेच तसं लिवलं."

परत येऊन मी माझ्या घराण्याची कागदपत्रे शोधली, दर्यापूरच्या एका वृद्ध चुलतबहिणीला पत्र घातले, आणि महिन्याभरात पणजीचे माहेर किसनरावांना कळवले. चौथ्या दिवशी पोच आली. कार्डावर एवढेच लिहिले होते: ‘मिळालं. वहीत तुमच्या सहीखाली लिवून घेतलं. कोणी सांगितलं त्या बहिणीचं नाव कळवा.’ आमच्या स्नेहाचा आरंभ असा झाला.

किसनरावांचा जन्म १९४८ सालचा, तेल्हाऱ्याच्या पलीकडच्या एका लहान गावातला. त्यांचे आजोबा देवमन हे त्या गावचे कोतवाल होते. आई सुंदराबाई आपल्या सासूच्या हाताखाली शिकून सुईण झाली आणि पुढे चाळीस वर्षे आसपासच्या गावांतली बाळंतपणे तिने केली. १९५६ साली घराने बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा किसनराव आठ वर्षांचे होते. मॅट्रिक होऊन ते डाकखात्यात लागले, आणि निवृत्त होईपर्यंत त्याच तालुक्यात सायकलीवरून त्यांनी पत्रे वाटली.

वंशावळीचा नाद त्यांना त्या सायकलीने लावला. खेड्यातल्या पत्रांवरचे पत्ते अपुरे असत. ‘गणूच्या मोठ्या सुनेस’ एवढ्यावर पत्र पोचवायचे, तर गणू कोणता, त्याला सुना किती आणि त्यांतली मोठी कोणती, हे पोस्टमनला ठाऊक असावे लागे. किसनरावांनी त्यासाठी खिशात एक डायरी ठेवली. एका डायरीच्या तीन झाल्या, डायऱ्यांवरून वह्या झाल्या, आणि निवृत्त होताना त्यांच्यापाशी बावीस गावांची नाती भरलेल्या अकरा मोठ्या नोंदवह्या होत्या.

प्रत्येक पानावर आठ रकाने आखलेले होते. नाव, वडील, आई, आईचे माहेर, जन्म, मृत्यू, कोठे राहिला किंवा कोठे दिली, हे सात रकाने कोणत्याही वंशावळीत असतात. आठव्याचे शीर्षक होते ‘कोणी सांगितलं’. त्यात माणसाचे नाव असे. नात्याने कोण, कोणत्या गावी आणि कोणत्या महिन्यात सांगितले, हेही बारीक अक्षरात असे. सुंदराबाईंचे नाव मी एकदा मोजले. ते एकशे सदतीस नोंदींपुढे आहे. त्यांना वाचता येत नव्हते. पण प्रत्येक जन्म त्यांना त्या वेळच्या घडामोडींसकट आठवे. टोळधाड आली ते वर्ष, पुराने पूल वाहून गेला तो श्रावण, अशा खुणांवरून किसनरावांनी तारखा लावल्या. सुंदराबाई १९९८ साली वारल्या.

माहिती घेताना किसनराव सांगणाऱ्याला एक वचन देत. ते मी माझ्या कानांनी ऐकलेले आहे. हिवरखेडच्या एका म्हातारीने, "माहं नाव कायले लिवतं रे बाबू, मी कोन मोठी लागून गेली?" असे म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "मायबाई, तुही गोष्ट जिथं जाईन, तिथं तुहं नाव जाईन. नाई तं म्या लिवतच नाई." मग म्हातारीने सुरुवातीपासून, अधिक सावकाश, सगळे पुन्हा सांगितले.

२०१७ साली त्या वह्यांतील निम्म्या नोंदींचे पुस्तक ‘बावीस गावांची नाती’ या नावाने अकोल्यात छापले गेले. आरंभीच्या पानावर त्यांनी एक वाक्य घातले होते: ‘यातलं काहीही घ्या, कोणालाही द्या, विचारू नका, पण आठवा रकाना सोडू नका.’ मला ती भाषा शास्त्रीय ग्रंथाच्या दृष्टीने काहीशी अनौपचारिक वाटली होती.

आता जे सांगावयाचे आहे, त्यात दोष सर्वस्वी माझा आहे, हे आरंभीच नमूद करतो.

२०२३ साली आमच्या मंडळाने वऱ्हाडातील घराण्यांची एकत्रित सूची प्रसिद्ध करण्याचे ठरवले. संपादन माझ्याकडे होते. निरनिराळ्या तीस छापील ग्रंथांतून नोंदी घ्यावयाच्या, त्या एका साच्यात बसवावयाच्या, म्हणजे अभ्यासकाला तीस पुस्तके उलटावी लागू नयेत, अशी योजना होती. किसनरावांच्या पुस्तकातून मी चारशे बारा नोंदी घेतल्या. इतर बहुतेक ग्रंथांत सातच रकाने होते. आठवा रकाना घेतला असता तर पानाची रुंदी पुरली नसती, आणि उरलेल्या एकोणतीस ग्रंथांच्या नोंदींपुढे तो रिकामा दिसला असता. मी तो वगळला. किसनरावांचे आभार मात्र प्रस्तावनेत दोन ठिकाणी मानले, आणि संदर्भयादीत त्यांचे पुस्तक चौदाव्या क्रमांकावर घातले. आयुष्यभर कार्डावर आधी लेखकाचे नाव आणि मग शीर्षक लिहिणाऱ्या माणसाच्या लक्षात आपण काय केले ते येऊ नये, याचे मला आज आश्चर्य वाटते. तेव्हा वाटले नाही. ग्रंथ देखणा झाला होता.

पहिली प्रत मी रजिस्टर डाकेने किसनरावांना पाठवली. पोच आली नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले, महिना उलटला. ज्या माणसाने नऊ वर्षांत माझ्या एकाही पत्राला चार दिवसांपेक्षा अधिक वाट पाहू दिली नव्हती, त्याच्याकडून दीड महिना एक ओळ नाही. शेवटी मी फोन केला. तो त्यांची कन्या दीपमाला हिने घेतला. ती अकोल्यात शिक्षिका आहे आणि किसनराव तिच्याकडेच राहतात.

"बाबांची प्रकृती बरी आहे ना?" मी विचारले.

"प्रकृती ठणठणीत आहे, काका. पत्रं लिहून राहिले."

"कोणाला?"

"ज्यांनी ज्यांनी माहिती सांगितली होती त्यांना. जे वारले त्यांच्या मुलांना. तुमच्या सूचीत ज्या नोंदी आल्या, त्यांचे एकशे चौदा जण निघाले. रोज दोन-तीन कार्डं होतात. सध्या हात थरथरतो त्यांचा."

"पण पत्रांत लिहितात तरी काय?"

"माफी मागतात, काका. तुमच्याबद्दल एक अक्षर नाही. ‘तुमचं नाव सोबत जाईल असं मी बोललो होतो, ते एका पुस्तकात सुटलं, चूक माझी,’ एवढंच. आणि दुसरा भाग छापायचा नाही म्हणतात. वह्या पेटीत घालून कुलूप लावलं. ज्या गोष्टीचा शब्द आपल्याला पाळता येत नाही, ती कोणाला द्यायची नाही, म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मी निघालो. सोबत सूचीची एक प्रत आणि माझ्या बचावाचे मुद्दे लिहिलेला एक कागद घेतला होता. माझी पत्नी सौ. विमल हिने तो कागद पाहिला आणि विचारले, "माफी मागायला जाताय की निकाल द्यायला?" मी कागद घडी करून खिशात घातला आणि निघालो.

किसनराव पुढच्या खोलीत टेबलापाशी बसले होते. उजवीकडे कोरी कार्डे, डावीकडे लिहिलेली, मध्ये माझी सूची उघडी.

"या जी," ते म्हणाले. "दीपमाला, पानी आन. चिंतामनराव आले."

"किसनराव, आपण पुस्तकाची पोच दिली नाही."

"देतो ना. एकशे चौदा झाले का तुमचाच नंबर."

"आपण रागावला आहात."

"राग कोनाले आला? राग आला असता तं एकाच कार्डात काम झालं असतं."

मी कागद काढला आणि शक्य तितक्या सौम्य शब्दांत माझी बाजू मांडली. अमुक मनुष्य अमुक दिवशी जन्मला ही वस्तुस्थिती आहे, आणि वस्तुस्थितीवर कोणाचाच हक्क नसतो. एकदा छापलेली नोंद अभ्यासकांनी एकमेकांना खुलेपणाने द्यावी, यातच विद्येचे हित आहे. मूळ ग्रंथाचा निर्देश करणे हे संपादकाचे कर्तव्य होय, आणि ते मी तीन ठिकाणी पार पाडले आहे.

"बराबर हाये," ते म्हणाले. "नोंद कोनाच्याच बापाची नाई. माहीबी नाई. म्हनून तं देल्ली. पन तुमच्या पुस्तकात माहं नाव तीन डाव हाये. माह्या मायचं किती डाव हाये?"

मी सोबतच्या सूचीची पाने उलटू लागलो.

"चिंतामनराव, लायब्ररीत तुमी पुस्तकावरचं लिवनाऱ्याचं नाव खोडून मंग कपाटात ठेवत होते काय?"

"मुळीच नाही. परंतु येथे पानाच्या रुंदीचा प्रश्न होता."

"मंग पान आडवं कराचं."

"आडव्या पानांचा ग्रंथ फडताळात नीट राहत नाही, किसनराव."

आत दीपमाला हसली. ते मला ऐकू आले. किसनराव हसले नाहीत. त्यांनी एक लिहिलेले कार्ड उचलून माझ्यापुढे धरले आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी बोट ठेवले.

"हे कायले असते, सांगा बरं. पत्र बरोबर पोचलं तं याले कोनी पाहत नाई. पन पत्ता चुकला, मानूस मेला, घर सोडून गेला, तं पत्र वापस पाठवाचं कुठं? याच नावावर. म्या सायकलीवर सारी जिंदगी हेच केलं. ज्या पत्रावर पाठवनाराचं नाव नाई, थे चुकलं का गेलंच. नोंदीचं तसंच हाये. बरोबर असली तं आठवा रकाना कोनी वाचत नाई. चुकली तं विचाराचं कोनाले?"

"माझ्या सूचीत चुका आहेत, असे आपले म्हणणे आहे काय?" मी विचारले. हा आरोप मला नावे गाळल्याच्या आरोपापेक्षा अधिक लागला.

"दोनशे बारा नंबर काढा."

मी दोनशे बारावी नोंद काढली. गिरजाबाईचा मुलगा, जन्म जानेवारी १९४४, मृत्यू तेराव्या दिवशी. मी किसनरावांच्या मूळ पुस्तकातले तेच पान उघडले. तेथे त्या एका मुलापुढे तीन ओळी होत्या. पहिली ओळ कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदवहीतली: तेराव्या दिवशी मयत, सांगणार देवमन कोतवाल. दुसरी ओळ: मयत नाही, अंजनगाव सुर्जीला आत्याकडे वाढला, नाव उकंडा, सांगणार सुंदराबाई, सुईण. तिसऱ्या ओळीत त्या उकंडाजींची मुले-नातवंडे मिळून अकरा माणसे होती. सांगणार त्यांचा मुलगा शेषराव.

मला सर्व आठवले. लेखी आणि तोंडी पुराव्यात विरोध आल्यास लेखी ग्राह्य धरावा, असा आमच्या मंडळाचा नियम होता. तो मीच केला होता. लाल पेन्सिलीने मी खालच्या दोन ओळी कापल्या होत्या. जो मनुष्य तेराव्या दिवशी वारला, त्याला अकरा वंशज असणे शक्य नव्हते.

"माह्या आज्याले लिवता येत नव्हतं," किसनराव म्हणाले. "कोतवाल होता, पन अंगठेबहाद्दर. आठ दिवसांत कोन जलमलं, कोन मेलं, थे अंबाडीच्या दोरीले गाठी मारून ध्यानात ठेवे. जलमाची एक गाठ, मरनाची दोहेरी. मंग दोरी घेऊन ठान्यावर जाय, आन तिथं मुनशी बुकात लिवे. साऱ्या गावाचा जलम-मरन या मानसानं वाहून नेला. अक्षर मुनशीचं, सही मुनशीची. देवमनचं नाव कुठंच नाई. म्हनून म्या आठवा रकाना आखला."

"पण मग मुलगा जिवंत असताना देवमनांनी मयत कसे सांगितले?"

"गिरजाबाईचे पयले दोन गेल्ते. तिसऱ्याले नजर नाई लागली पायजे, म्हनून तेराव्या दिवशी त्याले उकंड्यावर ठेवला, उकिरड्यावर, आन आत्यानं ‘सापडला’ म्हनून उचलला. घरात मेला म्हनूनच सांगतलं. गिरजाबाई आज्याच्या पाया पडली, का सरकारातबी मेलाच लिवा, तिथून यमाले पत्ता भेटाले नको. आज्यानं दोहेरी गाठ मारली. माय तवा तिथंच होती, सासूच्या मांगं पानी तापवत."

म्हणजे आठव्या रकान्यात सासरा आणि सून एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते, आणि किसनरावांनी दोघांनाही बोलू दिले होते. पुस्तक छापण्यापूर्वी ते स्वतः अंजनगावला जाऊन शेषरावांना भेटून आले होते. हे सर्व त्या तीन ओळींत होते. आणि मी तो रकाना वगळल्यामुळे माझ्या वाचकाला ते कळण्याचा मार्गच उरला नव्हता.

"शेषरावले पत्र टाकलं, तं त्याच्या पोरीचं उत्तर आलं," किसनराव म्हणाले. "वाचा. मोठ्यानं वाचा, माह्या चष्म्याची काच गेली."

चष्मा त्यांच्या नाकावर होता आणि त्याच्या दोन्ही काचा शाबूत होत्या. मी मोठ्याने वाचले. पत्र पौर्णिमा नावाच्या मुलीचे होते, आणि अक्षर चांगले होते.

‘आदरणीय आजोबा, सप्रेम जय भीम. आपले कार्ड मिळाले, बाबांना वाचून दाखवले. सदर सूचीप्रमाणे माझे आजोबा उकंडाजी तेराव्या दिवशी वारले आहेत. बाबा म्हणतात, मग माझं लग्न कोणी लावून दिलं, ते सूचीवाल्यांना विचार. मी एकतीस वर्षांची असून आठ वर्षांपासून बाजार समितीत लिपिक आहे. माझी सेवा रद्द समजावी काय, ते संबंधितांकडून कळावे. आपण माफी मागू नये. सुंदराआजीने सांगितले नसते, तर आमची दोन गावे एकमेकांना कधीच सापडली नसती. तिचं नाव तेवढं काढू देऊ नका.’

मी कागद घडी करून खिशात ठेवला, तो माझ्या बचावाचा.

"किती कार्डे राहिली आहेत?" मी विचारले.

"त्रेचाळीस."

"नावांची यादी द्या."

"कायले?"

"चूक माझी आहे. पाठवणाऱ्याच्या जागी माझा पत्ता असावा."

त्यांनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्या बाजूला सरकवला. "अक्षर मोठं काढजा," ते म्हणाले. "म्हाताऱ्या मानसाईले वाचा लागते."

दुपारी सव्वाबारा वाजल्यापासून साडेपाचपर्यंत मी लिहीत होतो. प्रत्येक कार्डावर सांगणाऱ्याचे नाव, त्याने सांगितलेल्या नोंदीचा क्रमांक, ती माझ्या सूचीत नावाविना छापली गेल्याचा स्पष्ट उल्लेख, आणि तीन महिन्यांत पुरवणी काढण्याचे आश्वासन लिहिले. किसनराव समोर बसून यादीतल्या प्रत्येक नावापुढे एकेक खूण करत होते आणि मध्येच त्या माणसाविषयी सांगत होते. ही बाई जात्यावर बसल्याशिवाय बोलत नसे. हा गृहस्थ आधी किसनरावांकडून अर्धा तास वर्तमानपत्र वाचून घेई आणि मग एक नाव सांगे. दीपमालाने कच्चा चिवडा आणून ठेवला आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, काकांना खाऊ तरी द्या. शिक्षा झाल्यासारखं बसवून ठेवलंत."

"खाऊ दे ना. डाव्या हातानं खाईन," किसनराव म्हणाले.

त्या दिवशी पेटी उघडली नाही. मीही तो विषय काढला नाही.

अमरावतीला परतल्यावर मी पुतण्या गौरांग याला बोलावले. तो नांदगाव पेठेच्या एका कापड उद्योगात अभियंता आहे, आणि सूचीची संगणकावरील प्रत त्याच्याकडे होती. चारशे बारा नोंदींना आणखी एक रकाना जोडणे तांत्रिकदृष्ट्या कितपत शक्य आहे, असे मी त्याला विचारले.

"दोन मिनिटांचं काम आहे, काका. भरायला वेळ लागेल, जोडायला नाही."

"आणि पानाची रुंदी?"

"अक्षर एका आकड्यानं लहान केलं की बसतं. तुम्ही तेव्हा विचारलंच नाही."

रकाना भरण्यास आम्हांला सात आठवडे लागले. प्रत्येक नाव मी मूळ पुस्तकाशी दोनदा ताडून पाहिले. मंडळाच्या सभेत लेखी पुरावा श्रेष्ठ मानण्याचा नियम मीच रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. दोन्ही म्हणणी नावांसह छापावीत, असा नवा नियम झाला. एका सदस्याचे मत विरुद्ध पडले, तेही नावासह नोंदवले. मोबाइलवरून सूचीची जी प्रत हातोहात पसरली होती, ती परत बोलावणे कोणाच्याच हाती नव्हते. तरीही गौरांगने नवी प्रत सर्व ठिकाणी पाठवली, आणि पहिल्या पानावर किसनरावांचे ते वाक्य, त्यांच्याच भाषेत, ठळक अक्षरांत घातले. मला ते आता मुळीच अनौपचारिक वाटत नाही.

छापावयास देण्यापूर्वी पुरवणीची मुद्रिते मी किसनरावांना दाखवावयास नेली. त्यांनी चारशे बारा नोंदी सलग दोन दिवस तपासल्या. एकाच ठिकाणी लाल शाई होती. दोनशे बाराव्या नोंदीत देवमन, सुंदराबाई आणि शेषराव यांच्या खाली त्यांनी चौथी ओळ वाढवली होती: ‘तेराव्या दिवशी मयत; सांगणार चिंतामण पांढरीपांडे, ग्रंथपाल, अमरावती, २०२३.’

"किसनराव, ही तर चूक आहे. दुरुस्त केलेली चूक पुन्हा छापणे संपादनाच्या कोणत्याही शास्त्रात बसत नाही."

"देवमननं सांगतलं थे तरी कुठं खरं होतं? त्याचं ठेवलं ना. तुमचंच कावून काढाचं? तुमची सूची साऱ्या वऱ्हाडात गेली. उद्या कोनी थे वाचून विचारीन, का हा मानूस मेला कोनाच्या सांगन्यावरून. त्याले पत्ता भेटला पायजे."

ओळ राहिली.

मग ते उठले, आतल्या खोलीत गेले, आणि एक जाड नोंदवही काखेत धरून बाहेर आले. दुसऱ्या भागातल्या सहा वह्यांपैकी ती पहिली होती. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि तिच्यावर निळी वही ठेवली.

"काय घेतलं ते लिवा," ते म्हणाले.

पुरवणी डिसेंबरात निघाली. एकशे बासष्ट प्रती सूचीच्या मूळ धारकांकडे गेल्या, आणि एकशे चौदा सांगणाऱ्यांकडे किंवा त्यांच्या वारसांकडे. शेषराव आपली प्रत घेण्यास मुलगी पौर्णिमा हिला सोबत घेऊन स्वतः अकोल्यास आले. योगायोगाने मी त्या दिवशी दुसऱ्या भागाच्या कामासाठी तेथेच होतो. साठीकडे झुकलेला, धिप्पाड, पांढऱ्या टोपीचा गृहस्थ. किसनरावांनी माझी ओळख करून दिली.

"माह्या बापाले मारनारे तुमीच काय?" शेषरावांनी विचारले.

"होय. मीच," मी म्हणालो. "चौथ्या ओळीत आहे."

त्यांनी पौर्णिमेकडून पान काढून घेतले, चष्मा लावला, ती नोंद वरपासून खालपर्यंत वाचली आणि सुंदराबाईंच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "बाप मोठा झाल्यावर दरसाल तेल्हाऱ्याकडे तोंड करून म्हने, का तिकडे मी मेलो हावो, म्हनून इकडे जगून राह्यलो. सत्तर वर्षं जगला."

"हे लिहून घेतले पाहिजे," मी किसनरावांना म्हणालो.

"मंग घ्या ना लिवून," किसनराव म्हणाले. "पेन तुमच्याच खिशात हाये."

मी नोंदवही ओढली, सात रकाने भरले, आणि आठव्यासाठी शेषरावांना त्यांचे पूर्ण नाव विचारले.